स्वयंचलित इन्सुलिन पंपातील व्यायामाची सोय: वेळेवर सुरू केली तरच कामाची

टाइप वन मधुमेहात व्यायामाची खरी अडचण असते ती शरीरात आधीच गेलेल्या इन्सुलिनची. मधुमेह नसलेला माणूस धावू लागला की स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन आपोआप कमी होते. त्वचेखाली दिलेले इन्सुलिन मात्र परत काढून घेता येत नाही. साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेल्या माझ्या पंपातील व्यायामाची सोय मी याच कसोटीवर तपासली.

ही सोय सुरू केली की पंप साखरेचे लक्ष्य तात्पुरते 150 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर नेतो आणि बेसल इन्सुलिन (दिवसभर संथपणे जाणारे इन्सुलिन) त्या मानाने कमी करतो. धावण्याच्या एक ते दोन तास आधी ती सुरू केल्यास साखर बरीच स्थिर राहते, हे मी निःसंकोच सांगेन. बूट घालताना सुरू केली तर मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण हायपो (साखर धोकादायकरीत्या खाली जाणे) घडवणारे इन्सुलिन तोवर आत गेलेले असते. म्हणूनच वेळ आगाऊ लावून ठेवण्याची व्यवस्था या पंपात नसणे ही मला त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.

खाण्याच्या बाबतीतही सावध राहावे लागते. व्यायामाच्या बरेच आधी काही खाल्ले, तर साखर चढताना पाहून पंप इन्सुलिन वाढवतो आणि ते नेमके धावताना अंगावर येते. त्यामुळे गरज पडलीच तर अगदी सुरुवातीला किंवा मध्ये थोडे थोडे घेणे बरे. जेवणानंतर लगेच व्यायाम असेल तर जेवणाचा बोलस (जेवणासाठी एकदम घ्यायचा इन्सुलिनचा डोस) किती कमी करायचा, हे पंप ठरवत नाही. ते डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावे.

सेन्सर ऊतींमधील द्रवातील साखर मोजतो, त्यामुळे ती झपाट्याने उतरत असताना त्याचा आकडा रक्ताच्या मागे राहतो. पडद्यावर 95 आणि शेजारी खाली वळलेले दोन बाण दिसत असतील, तर त्या आकड्यावर विसंबू नये: थांबावे, ग्लुकोज घ्यावे आणि बोट टोचून खात्री करावी. जड वजने उचलताना किंवा वेगवान धावांत ॲड्रेनलिनमुळे साखर उलट चढू शकते. त्या दिवशी ही सोय न वापरणेच मला योग्य वाटते.

संध्याकाळच्या दीर्घ व्यायामानंतर स्नायू रात्रभर इन्सुलिनला जास्त प्रतिसाद देत राहतात, म्हणजे साखर झोपेतही उतरू शकते. ठरलेला अवधी संपताच पंप नेहमीच्या लक्ष्यावर परततो, म्हणून अशा रात्री मी वरचे लक्ष्य पुन्हा लावते आणि सेन्सरचा इशारा चालू ठेवूनच झोपते.