डेक्सा तपासणी: यंत्र चोख, अहवाल अपुरा

मधुमेहामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन प्रत्यारोपण झालेल्या माझ्या थोरल्या बंधूंची हाडांची घनता मोजण्यासाठी आम्ही पुण्यातील एका खासगी निदान केंद्रात डेक्सा तपासणी करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही.

तपासणीबद्दल तक्रारीला जागा नाही. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवशी बंद ठेवायची सूचना फोनवरच मिळाली होती. तंत्रज्ञ बाईंनी दादांची उंची स्वतः मोजली, कण्याच्या चित्रासाठी पोटऱ्यांखाली चौकोनी उशी दिली आणि खुब्याच्या चित्रासाठी पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधले. हे पाऊल नीट वळले नाही तर खुब्याचा आकडा चुकतो, हेही समजावून सांगितले. सारे पंधरा-वीस मिनिटांत आटोपले.

अहवाल मात्र निराशाजनक निघाला. कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या हाडांच्या घनतेशी तुलना करणारा आकडा, उणे १ च्या वर असल्याने ठळक अक्षरांत ‘नॉर्मल’ असा शेरा होता आणि दादा तो घरभर दाखवत होते. वस्तुतः टाइप २ मधुमेहात घनता चांगली, क्वचित जास्तही, दिसते. पण वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या साखरेने हाडाला चिवटपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन बिघडते आणि त्याच घनतेचे हाड लवकर मोडते. उतारवयात मणक्यांना फुटलेले काटे आणि महाधमनीत साचलेले कॅल्शियमही कण्याचा आकडा फुगवतात. त्यात प्रत्यारोपणानंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू असते, ज्याने हाडांची झीज पहिल्या सहा ते बारा महिन्यांत सर्वाधिक होते, आणि जुन्या मूत्रपिंडविकाराने वाढलेले, हाडांतून कॅल्शियम ओढून घेणारे पॅराथायरॉइड संप्रेरक लगेच खाली येतेच असे नाही. पायांची संवेदना कमी झालेला, दृष्टी अधू असलेला किंवा साखर एकाएकी उतरणारा रुग्ण पडण्याची भीती वेगळीच. केंद्राच्या अर्जात यांपैकी एकही प्रश्न नव्हता. हाड मोडण्याचा धोका वर्तवणाऱ्या फ्रॅक्स या प्रचलित गणकाच्या मूळ प्रश्नावलीतही टाइप २ मधुमेहाला रकाना नाही, हे मान्य. परंतु स्टेरॉइड चालू आहे का, एवढे विचारायला काय हरकत होती? पॅराथायरॉइडचा त्रास असणाऱ्यांसाठी उपयोगी असलेले मनगटाजवळच्या हाडाचे मोजमापही झाले नाही. ते मुद्दाम मागणी करून घ्यावे लागते, असे नंतर कळले.

नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञांनी, तो शेरा बाजूला ठेवून खुब्याचा आकडा पाहिला, ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडची रक्ततपासणी सांगितली आणि मणक्याचा एक्स-रे काढायला लावला, कारण मणक्याचे अस्थिभंग अनेकदा दुखल्यावाचूनही होतात. हाडांचे औषध मूत्रपिंडाचे काम किती चालते हे पाहूनच ठरेल, असेही त्यांनी बजावले.

एवढे असूनही पुढची तपासणी आम्ही याच केंद्रात करणार आहोत, कारण निरनिराळ्या यंत्रांवरचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. फक्त त्या वेळी अर्जाच्या समासात मधुमेह, प्रत्यारोपण आणि स्टेरॉइडची मात्रा मी स्वतः लिहून देईन.