बेलापूरची रेसिडेन्सी: जलरंगवाल्यांनी जरूर जावं, पण पडदा आधी मागून घ्यावा

नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत एका घराच्या माडीवर चालणाऱ्या छोट्या रेसिडेन्सीत, म्हणजे चित्रकारांनी काही दिवस राहून काम करायच्या जागेत, मी मेची सुट्टी काढली. मी सांगलीकडची चित्रकला शिक्षिका, काम जलरंगात. इथला एक नियम मला फार मोलाचा वाटला. दुपारी जेवायची हाक येईपर्यंत स्टुडिओचं दार कुणी वाजवत नाही आणि फोन खाली ठेवायचा. वर्षभर शाळेच्या घंटेवर चालणाऱ्या माणसाला सलग एवढे तास मिळणं किती दुर्मीळ, हे शिक्षकांनाच कळेल.

पहाटे मी दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर जायचे. ओहोटीला उघडा पडलेला चिखल नुसता करडा नसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, असे दोन रंग ओल्या कागदावर एकमेकांत सोडले की त्याच्या जवळपास जाता येतं. पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते. त्याआधीच काही होड्या काठावर ओढल्या होत्या, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे तळ निवांत बघता आले.

न्याहारीनंतर स्टुडिओ. खिडकी उत्तरेची, जाहिरातीतही तसंच लिहिलंय. पण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, हे युरोपातलं शहाणपण. बेलापूर १९ अंश अक्षांशावर. इथे मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारीही किंचित उत्तरेलाच असतो. सकाळी उगवतोही ईशान्येकडे झुकून. म्हणजे नेमक्या कामाच्या वेळी उन्हाची तिरकी पट्टी बोर्डवर येते, वॉश (पातळ रंगाचा सलग थर) एका बाजूनं आधी वाळतो आणि नको तिथे कडा उमटते. मी सांगितल्यावर रेसिडेन्सी चालवणाऱ्यांनी लगेच मांजरपाटाचा पडदा लावून दिला. मग उजेड इतका मऊ झाला की फिकट ग्लेझसुद्धा (वाळलेल्या रंगावरचे पारदर्शक थर) नीट दिसू लागले.

जेवण घरगुती: तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं. तक्रार नाही.

संध्याकाळी चित्रं खाली चौकात मांडायची. ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची, १९८३ ते १९८६ दरम्यान बांधलेली. साधारण ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती सात-सात घरं. कुणाची भिंत कुणाला लागून नाही, त्यामुळे लोकांनी ऐपतीप्रमाणे घरं वाढवली. मूळची कौलारू घरं आता थोडीच उरलीत, पण चौक टिकलाय आणि माणसं तिथे बसतात. एका आजोबांनी माझं चित्र बघून सांगितलं, "ताई, होडीचं तोंड एवढं उचललेलं नसतं हो." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जेट्टीवर गेले, होडी बाजूनं काढली आणि ते तोंड उतरवलं. अशी दाद दालनात मिळत नाही.

उणिवा दोन. रात्रीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश निळसर आहे, त्यात रंग कालवू नका. दुसरं, कागदाचं कपाट ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलंय. दमट हवेत कागदाचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ) बिघडतं आणि रंग डागाडागांनी आत मुरतो. त्यांनी ते कपाट हलवायला हवं. तोवर कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कॉटन कागद घरूनच पुरेसा न्या. माझा संपला तेव्हा नव्या कागदासाठी मला हार्बर लाइननं थेट सीएसएमटी गाठावं लागलं आणि सबंध सकाळ गेली.

तैलरंगवाल्यांनी टर्पेंटाइन चालेल का, हे जागा ठरवण्याआधीच विचारावं. खोली एकच आणि झोपायचंही तिथेच.