कोहात पुस्तकांचं ‘काम’ नोंदवतो तेव्हा : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं वाचनालय सोलापूरच्या पूर्व भागात आहे. मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, उर्दू वाचणारेही इथे रोज येतात. त्यामुळे नवं पुस्तक आलं की लगेच कपाटात जात नाही. दाखल नोंद, शिक्के, बारकोड, तालिकीकरण (म्हणजे लेखक, विषय वगैरे तपशील यादीत नोंदवणं), पाठीवरची चिठ्ठी, सगळं व्हावं लागतं. तेलुगू-कन्नड पुस्तकांना ती लिपी वाचणारा माणूस हवा आणि तो काही रोज नसतो. जुनी पुस्तकं बायंडिंगला जातात, ती वेगळीच. या मधल्या काळात पुस्तक कुठं आहे, हे पूर्वी फक्त वाचनालयातल्या आमच्या मामांना तोंडपाठ असायचं. मामा रजेवर गेले की उत्तर नाही.

आम्ही कोहा वापरतो. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ही ग्रंथालयाच्या कामाची मुक्त (ओपन सोर्स) संगणक प्रणाली. मोठ्या विद्यापीठांत चालणाऱ्या ‘आल्मा’ या ग्रंथालय प्रणालीमध्ये वर्क ऑर्डर ही सोय तयारच मिळते : पुस्तक कोणत्या विभागात आहे, कोणत्या टप्प्यावर आहे, सगळं नोंदलं जातं. कोहात तसं आयतं काही नाही. पण प्रत्येक प्रतीला ‘नॉट फॉर लोन’ नावाची स्थिती देता येते आणि या स्थितींची यादी आपली आपण बनवता येते. आम्ही तिथं ‘दाखल प्रक्रियेत’, ‘तेलुगू तालिकीकरण’, ‘कन्नड तालिकीकरण’, ‘बायंडरकडे’ अशा स्थिती केल्या. स्थितीला ऋण आकडा दिला, म्हणजे −२, −३ असा, तर पुस्तक देता येत नाही पण वाचकाला आरक्षण करता येतं. धन आकडा दिला की आरक्षणही बंद. ही एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे.

शिवाय प्रत्येक स्थितीला दोन वर्णनं लिहिता येतात, एक कर्मचाऱ्यांसाठी, एक वाचकांसाठी. आम्हाला दिसतं ‘बायंडरकडे’, वाचकाला ऑनलाइन तालिकेत दिसतं ‘बांधणीसाठी बाहेर, आरक्षण करता येईल’.

मध्यंतरी एक आजोबा काउंटरवर आले. “ताई, ते तेलुगू कथांचं पुस्तक आलंय म्हणे, कपाटात तर दिसेना.” नाव टाकलं, स्थिती दिसली. “आलंय की अण्णा, नोंदी व्हायच्यात अजून. तुमचं नाव लावून ठेवते, झालं की फोन करते.” पुस्तक तयार झाल्यावर परत नोंदवताना (चेकइन करताना) आरक्षणाचा संदेश पडद्यावर आला आणि ते कपाटात न जाता थेट त्यांच्या हातात गेलं. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा ही सगळी खटपट करावी.

आता तांत्रिक बाजू. ‘अपडेट नॉट फॉर लोन स्टेटस ऑन चेकइन’ या सेटिंगमध्ये ‘−४: ०’ असं लिहिलं (−४ म्हणजे आमची ‘बायंडरकडे’ ही स्थिती, ० म्हणजे उपलब्ध) की बायंडरकडून आलेलं पुस्तक परत नोंदवताच आपोआप उपलब्ध होतं. मोह होतो की सगळेच टप्पे असे साखळीत जोडावेत. जोडू नका. बारकोड चुकून दोनदा स्कॅन झाला तर पुस्तक दोन टप्पे पुढं जातं आणि कामं न होताच कपाटात पोचतं. शेवटचा टप्पा तेवढा आपोआप ठेवा. मधले टप्पे बदलायला ‘बॅच आयटम मॉडिफिकेशन’ उत्तम : गठ्ठ्यातले बारकोड एकापाठोपाठ एक स्कॅन करायचे आणि सगळ्यांची स्थिती एकदम बदलायची.

बायंडिंगच्या पुस्तकांबाबत आणखी एक. बारकोड मुखपृष्ठावर असेल तर नव्या पुठ्ठ्याखाली तो झाकून जातो आणि परत आलेलं पुस्तक स्कॅनच होत नाही. आम्ही पाठवण्याआधी त्याच क्रमांकाचा दुसरा बारकोड आतल्या गुप्त पानावर, म्हणजे वाचनालयाच्या खुणेसाठी ठरवलेल्या पानावर, चिकटवतो. दाखल अंक (दाखल नोंदीतला क्रमांक) तिथं असतोच.

उणीव एकच, पण मोठी. या स्थितीला मुदत नसते. पुस्तक बायंडरकडे आहे हे कळतं, कधीपासून आहे ते पटकन कळत नाही. काही ठिकाणी बायंडरच्या नावानं सभासद खातं उघडून पुस्तकं ‘दिली’ अशी नोंदवतात. त्यात परतीची तारीख मिळते, पण प्रत्येक खेप देवघेवीत मोजली जाते आणि कोणतं पुस्तक किती वाचलं जातं याचा हिशेब बिघडतो. मला ते पटत नाही. आम्ही पाठवल्याची तारीख प्रतीच्या अंतर्गत टिपणात लिहितो आणि स्थिती व टिपण दाखवणारा छोटा रिपोर्ट जतन करून ठेवलाय. दर सोमवारी तो काढायचा आणि जुन्या तारखा दिसल्या की बायंडरला फोन लावायचा. आल्मासारखी सोय ही नव्हे, तारीख हातानं लिहावी लागते आणि घाईत राहूनही जाते.

मार्चच्या पुस्तक मोजणीला मात्र मोठा फरक पडला. कपाटात न सापडलेल्या प्रतींमधून आधी ‘कामावर’ असलेल्या, म्हणजे प्रक्रियेत किंवा बायंडरकडे असलेल्या, बाजूला काढल्या आणि उरलेल्यांचाच शोध घेतला.

सुरुवात करायची असेल तर फक्त बायंडिंगपासून करा. एक स्थिती, एक गठ्ठा, एक रिपोर्ट. महिनाभर ते सुरळीत चाललं की नव्या पुस्तकांचे टप्पे वाढवा, आणि स्थितींची नावं तुमच्याकडे गठ्ठे उचलणाऱ्या माणसाला विचारून ठरवा.