ठाण्यात भाड्याने मिळणारा फाउलर बेड: पेशंट पडण्यापासून कितपत वाचतो?

नौपाडा असो, कोपरी असो की घोडबंदर रोड, पेशंटला हॉस्पिटलमधून घरी आणायचं ठरलं की बेडवाले सहसा दोन हँडलचाच फाउलर बेड दाखवतात. एका हँडलने पाठ उचलली जाते, दुसऱ्याने गुडघे. धाप लागणाऱ्या किंवा नळीने जेवणाऱ्या पेशंटसाठी बेड छानच आहे. सुटा करून आणतात, म्हणून लिफ्ट नसलेल्या इमारतीतही चढतो. पण ‘रेलिंग आहे, पडायची भीती नाही’ असं कुणी म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका.

खरी अडचण उंचीची. ती या बेडला बदलता येत नाही. लोखंडी पत्र्यापर्यंत साधारण २० ते २४ इंच आणि वर ४ इंचांची गादी. ठेंगण्या आजी काठावर बसल्या की पाय लोंबकळतात. मग त्या घसरत उतरतात आणि पाय टाइलला लागेपर्यंत तोल गेलेला असतो. बेड ठरवण्याआधी पेशंटला काठावर बसवून पाहा. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत.

रेलिंगचंही तसंच. भ्रम झालेला पेशंट रात्री लांब रेलिंग ओलांडू पाहतो आणि मग गादीच्या नाही, रेलिंगच्या उंचीवरून पडतो. दुसरा धोका फटीचा. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००६ च्या सूचनांप्रमाणे रेलिंगच्या दांड्यांमधली आणि रेलिंग व गादीमधली फट १२० मिलिमीटरहून कमी हवी, नाहीतर डोकं अडकू शकतं. भाड्याच्या बेडवर अनेकदा दुसऱ्याच मापाची गादी येते. ती एका बाजूला पूर्ण सरकवा आणि दुसरीकडची फट टेपने मोजा. पेशंट उठतो म्हणून हात बांधणं हा उपाय मुळीच नाही.

ब्रेक बऱ्याच बेडना दोनच चाकांना असतात. बेड आणून देणारा माणूस घरात असतानाच ते लावून बेड कमरेने जोरात ढकलून बघा. गुळगुळीत टाइल्सवर लॉक केलेलं चाकही सरकतं. चाकांखाली रबरी वाट्या ठेवून डोक्याकडची बाजू भिंतीला टेकवा. पायाकडची हँडल काम झाल्यावर आत दुमडायला केअरटेकर मावशींना आवर्जून सांगा, अंधारात नडगी तिथेच आपटते.

पूर्ण झोपून असलेल्या पेशंटसाठी हा बेड जरूर घ्या. रात्री स्वतः उठून संडासला जाणाऱ्यासाठी मात्र नको. भाडं जास्त पडलं तरी हाय-लो, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा बेडच मागा. झोपताना तो सगळ्यात खाली हवा, उठताना मात्र थोडा वर घ्यायचा, फार खालून उठायला मांड्यांत जोर लागतो. नवी मुंबईतल्या केअर होमनी खरेदी करताना ‘सर्वात कमी उंची’ गादीसकट विचारावी, पत्रकातला आकडा बहुतेक वेळा गादीशिवायचा असतो. इलेक्ट्रिक घेत असाल तर वीज गेल्यावर बेड खाली येतो का, ते प्लग काढून दाखवायला सांगा.