अमेरिकेला टपालाने पार्सल : पुन्हा सुरू झालेल्या सेवेचे परीक्षण

भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलसेवा 15 ऑक्टोबर 2025 पासून पुन्हा सुरू केली. त्यानंतर भाचीसाठी एक भेट आणि परिचित विक्रेत्या बाईंच्या ग्राहकासाठी एक पैठणी, अशी दोन पार्सले पाठवून हे परीक्षण लिहीत आहे.

खिडकीवरचे काम नेटके होते. सीमाशुल्काच्या जाहीरनाम्यात वस्तू आणि किंमत नीट भरली की शुल्काची आकारणी तिथेच होते, पैसे तिथेच भरायचे असतात आणि या सोयीसाठी खाते वेगळा आकार घेत नाही. घेणाऱ्याच्या दारात कोणी पैसे मागत नाही, ही मोठी सुविधा.

मात्र ही सेवा बंद का पडली होती, हे पाहिल्याशिवाय तिला गुण देणे अन्यायाचे होईल. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी अमेरिकेने 29 ऑगस्टपासून सर्व देशांसाठी रद्द केली. शुल्क वसूल करून भरण्याची जबाबदारी वाहतूकदारांवर किंवा मान्यताप्राप्त मध्यस्थांवर टाकली, पण ती पार कशी पाडायची याची व्यवस्था वेळेत ठरली नाही. विमान कंपन्यांनी 25 ऑगस्टनंतर टपाल घेण्यास असमर्थता दर्शवली आणि आपल्या खात्याने बुकिंग थांबवले; महिनाअखेरीस तर पत्रे आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूही थांबल्या. हे एकट्या भारताचे झाले नाही. जागतिक टपाल संघाच्या माहितीनुसार 88 टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्णतः वा अंशतः स्थगित केली आणि तिकडे जाणारे टपाल ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. एका बलाढ्य देशाने स्वतःभोवती कुंपण घातले की त्याची झळ पोलाद आणि औषधांच्या बड्या निर्यातदारांआधी अशा किरकोळ पाठवणाऱ्यांना बसते, कारण त्यांच्याकडे ना वकील असतो ना गोदाम.

आता खर्चाचे पाहू. 100 डॉलरपर्यंतच्या, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण पावणेनऊ हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला शुल्क नाही. विक्रीच्या मालावर मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये घोषित किमतीच्या 50 टक्के शुल्क लागत होते. 12,000 रुपयांच्या पैठणीवर 6,000 रुपये, आणि टपालखर्च निराळा. बाईंनी शुल्कापैकी निम्मे स्वतः सोसले, कारण ग्राहक तोडणे त्यांना परवडणारे नव्हते. कुरिअरने किंवा व्यापारी मार्गाने पाठवल्यास मूळ सीमाशुल्काची भर पडत होती, म्हणून त्यातल्या त्यात टपालच स्वस्त होते.

दिवाळीच्या फराळाला मात्र या सेवेचा उपयोग झाला नाही. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते आणि सहा दिवसांत साध्या दराचे पार्सल अमेरिकेत पोहोचत नाही. तळलेले पदार्थ शुल्काची व्यवस्था ठरण्याची वाट पाहत नसतात. ज्यांना थांबणे शक्य नव्हते त्यांनी खाजगी कुरिअरला किलोमागे कितीतरी जास्त पैसे मोजले.

खात्याच्या कामाला पाचपैकी चार गुण. भेट पाठवायची असेल तर निःशंकपणे टपालाने पाठवावी. विक्रेत्यांनी मात्र शुल्क कोण सोसणार, हे ऑर्डर घेतानाच ग्राहकाशी लेखी ठरवून घ्यावे.