रोमची पहिली दुपार: बाग, जुने चौक, ट्रास्टेव्हेरे की टूरिस्ट बस?

मुंबईहून गल्फमार्गे रोमला येणाऱ्या बऱ्याच फ्लाइट्स दुपारच्या सुमारास उतरतात, मग इमिग्रेशन, बॅगा, फ्युमिचिनो विमानतळाहून तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनपर्यंत लिओनार्दो एक्सप्रेस ट्रेनची ३२ मिनिटं, हॉटेलचं चेक-इन असं करता करता हातात उरते ती साडेतीन-चारनंतरची दुपार. या दुपारचं काय करायचं ते लोक निघायच्या आधी ठरवतच नाहीत, किंवा मग उलट टोक, थेट कोलोसियमचं तिकीट काढून मोकळे होतात. हे दुसरं तर अजिबात करू नका. कोलोसियमच्या तिकिटावर नाव आणि वेळ दोन्ही असतं, फ्लाइट दोन तास लेट झाली की पैसे पाण्यात. व्हॅटिकन म्युझियम्सचंही तेच, आणि बोर्गेझे गॅलरीत तर दोन-दोन तासांचे स्लॉट असतात. घड्याळाला बांधलेलं काहीही पहिल्या दुपारी नकोच.

आधी शरीराचं गणित बघू, कारण निवड त्यावरच ठरते. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे तिकडे संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा शरीराच्या लेखी रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा झालेले असतात, त्यात आदली रात्र विमानात गेलेली. पश्चिमेकडे जाताना शरीराचं घड्याळ मागे सरकवायचं असतं आणि ते काम संध्याकाळचा उजेड करतो, त्यामुळे पहिल्या दुपारी उघड्यावर असणं हे म्युझियमच्या अंधाऱ्या दालनांपेक्षा केव्हाही चांगलं. मी पर्याय तीनच गोष्टींवर तोलते: बाहेरचा उजेड मिळतो का, बसायला जागा आहे का, आणि कंटाळा आला की अर्ध्यात सोडून हॉटेलवर परतता येतं का.

माझं पहिलं मत बागेला, म्हणजे व्हिला बोर्गेझेला. साधारण ८० हेक्टरची बाग, पूर्वी बोर्गेझे घराण्याची खासगी, १९०३ पासून सगळ्यांसाठी खुली, तिकीट नाही. मेट्रोच्या ए लाइनने स्पान्या स्टेशनला उतरलं की तिथून जमिनीखालून एक लांबच लांब बोळ बागेच्या बाजूला निघतो, नाहीतर फ्लामिनिओला उतरून पिआत्सा देल पोपोलो या चौकातून वर चढायचं, पण चढ आहे, गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर पहिलाच रस्ता घ्या. आत उंच छत्रीसारखे पाइन, सावलीत बाकंच बाकं, एक छोटं तळं आणि त्यात वल्ह्याच्या होड्या, मुलांना घेऊन फिरायला चार चाकी पेडलवाल्या गाड्या. पिंचो टेकडीच्या बाजूला पाण्यावर चालणारं एक घड्याळ आहे, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेलं, मुलं तिथे बराच वेळ रमतात. आणि शेवटी पिंचोची गच्ची, खाली पिआत्सा देल पोपोलो आणि समोर सेंट पीटर्सचा घुमट, तोंड पश्चिमेला असल्यामुळे मावळतीचा सगळा उजेड थेट डोळ्यांवर येतो, म्हणजे शरीराला हवं तेच. जूनमध्ये सूर्यास्त पावणेनऊच्या आसपास, त्यामुळे चारला निघालात तरी घाई अशी नाहीच. आई-बाबा, सासू-सासरे किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही.

पण हेच डिसेंबर-जानेवारीत सांगणार नाही. तेव्हा पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, बागेत दिवे कमी, गारठा वेगळा, आणि बाकावर बसलं की डोळे मिटलेच म्हणून समजा. हिवाळ्यात जुने चौक बरे.

जुने चौक म्हणजे पँथिऑन आणि पिआत्सा नावोना. दोन्हींमध्ये चालत पाचेक मिनिटांचं अंतर, सगळं सपाट, गल्लीगल्लीत दुकानं आणि दिवे, त्यामुळे अंधार पडला तरी झोप चढत नाही. पँथिऑनला २०२३ पासून तिकीट आहे, संध्याकाळी सातला बंद होतं, आणि ते प्राचीन रोमन देऊळ आता चर्च असल्यामुळे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत एवढं विमानातून उतरतानाच लक्षात ठेवा. आतला घुमट ४३ मीटर रुंदीचा, लोखंडाची सळई न घालता ओतलेला काँक्रीटचा, जवळजवळ १९०० वर्षं उभा आहे आणि या पद्धतीचा याहून मोठा घुमट अजून जगात नाही. वर मधोमध साधारण नऊ मीटरचं उघडं भोक, त्यातून उन्हाचा गोल भिंतीवर सरकत असतो. वीस मिनिटं पुरतात, आणि थकलेल्या डोक्यालाही ते सगळं समजतं, कारण माहितीफलक वाचायची गरजच पडत नाही, मान वर केली की झालं.

नावोनाला मात्र वेळ काढून बसा, कडेला दगडी बाकं आहेत. चौक लांबट आहे कारण खाली सम्राट डोमिशियनचं धावण्याच्या शर्यतींचं स्टेडियम होतं, घरं त्याच्या बैठकींवर उभी राहिली आणि मैदानाचा आकार तसाच उरला. मधलं कारंजं शिल्पकार बर्निनीचं, १६५१ चं, चार खंडांच्या चार नद्यांचं: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा! आपल्याकडे मकरावर बसलेली गंगामैया, आणि इथे हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष, कारण त्यांच्याकडे नद्यांचे देव पुरुष. ते वल्हं शोधा म्हणजे चौघांमधली गंगा लगेच सापडेल. घरून इतक्या लांब आल्यावर पहिल्याच संध्याकाळी गंगा भेटते, मला तरी याचं फार अप्रूप वाटतं.

त्रेव्ही कारंजं याच भागात, पँथिऑनपासून दहा मिनिटांवर, पण ते पहिल्या दुपारी घेऊ नका. संध्याकाळी तिथे खांद्याला खांदा लागलेला असतो आणि झोपाळलेला माणूस पाकीटमारांना लांबूनच ओळखू येतो. तसंही दुसऱ्या दिवशी पहाटे चारला टक्क जाग येणारच आहे, तेव्हा उजाडता उजाडता जा, त्या वेळी गर्दी अगदी तुरळक असते. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवरही विसाव्याला टेकू नका, २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे आणि दंड होतो.

ट्रास्टेव्हेरे ही टायबर नदीपलीकडची जुनी वस्ती सुंदर आहे यात वादच नाही, वेलींनी झाकलेल्या भिंती, सांता मारिया चर्चमधलं बाराव्या शतकातलं सोनेरी मोझेक, सगळं खरं. पण ती जागा रंगते ती आठनंतर, आणि तेव्हा तुमची रात्र झालेली असते. दुपारी चारला तिथे अर्धी दारं बंद असतात, पायाखाली उंचसखल काळे दगड, बसायला जागा म्हणजे बहुतेक हॉटेलांच्या टेबलखुर्च्या. तुमचं राहणंच तिथे असेल तर वेगळी गोष्ट, मग विमानतळावरून ८ युरोची एफएल१ लोकल थेट ट्रास्टेव्हेरे स्टेशनला येते, सामान टाका आणि आसपासच हिंडा. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी राखून ठेवा.

टूरिस्ट बस अनेकांना सगळ्यात सोपी वाटते, बसल्या जागी शहर दिसतं म्हणून. पाय खरोखरच चालत नसतील तर घ्या, पण बाकीच्यांनी नको, कारण मऊ सीट, कानात हेडफोन आणि हलती बस यात दहा मिनिटांत डुलकी लागते, आणि जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्यांत ती बस शिरत नाही, त्यामुळे पँथिऑन आणि नावोनासाठी उतरून चालावंच लागतं. दिवसभराचं तिकीट दुपारी चारला काढून उपयोग तरी किती होणार?

न्यू जर्सीहून किंवा त्या बाजूने येणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. फरक बहुतेक सहा तासांचा, विमान सकाळी उतरतं, रूम दोन-तीनपर्यंत मिळत नाही आणि रात्रभर झोप नाही. त्यांनी बॅगा हॉटेलवर ठेवाव्यात, रूम मिळाली की गजर लावून अर्धा तासच पडावं आणि लगेच बाहेर निघावं, कारण रोममधले दुपारचे दोन म्हणजे त्यांचे सकाळचे आठ, त्या वेळचा उजेड त्यांच्या घड्याळाला पुढे ढकलतो. त्यांच्यासाठीही बागच, फक्त कमी वेळ.

कुठेही गेलात तरी बाटली बरोबर ठेवा. रस्त्याकडेला कमरेएवढे लोखंडी नळखांब असतात, त्यांना नासोने म्हणतात, पाणी सतत वाहत असतं, गार आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, ओंजळ न धरता पिता येतं.

आणि जेवणाचं आधीच ठरवा, कारण बरीचशी रेस्टॉरंट्स दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात ती सात-साडेसातला उघडतात, आणि तुम्हाला कडकडून भूक लागते ती सहाला. तेव्हा पिझ्झा अल तालिओचं दुकान गाठा, मोठ्या ट्रेमधून हवा तेवढा तुकडा कापून वजनावर देतात, केवढा हवा ते हाताने दाखवलं तरी चालतं. शाकाहारी असाल तर नुसत्या टोमॅटोचा रोस्सा किंवा बटाट्याचा घ्या, बटाट्याचा घरच्या सगळ्यांना आवडतो. सुप्ली दिसायला भाताच्या वड्यासारखी असली तरी आत बहुतेक वेळा खिम्याचा रस्सा असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका.