गाडी सोडताना गेलेले पावणेतीन हजार पौंड

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. ३० मार्च २०१९ रोजी शेजारच्या गावातल्या एका शोरूममधून आम्ही आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली, आणि करार पुरा व्हायला दोन आठवडे उरले असताना ती त्याच शोरूमला बाजारभावापेक्षा सुमारे पावणेतीन हजार पौंड कमी घेऊन देऊन टाकली. कोणी धाकदपटशा केला नाही की खोटी सही केली नाही. प्रत्येक कागदावर सही माझीच आहे. त्या दिवशी तर एका कटकटीतून सुटलो या आनंदात मी विक्रेत्याला पेढ्यांचा डबा नेऊन दिला होता. इतक्या सभ्यपणे फसवले गेल्यावर तक्रार नेमकी कशाची करावी हेच कळत नाही, म्हणून सगळे आकड्यांसह लिहितो आहे.

आमचा करार इथे सर्रास होणाऱ्या पीसीपी, म्हणजे पर्सनल काँट्रॅक्ट पर्चेस, या प्रकारचा होता. गाडीची किंमत १६,९९० पौंड होती. २,००० पौंड आम्ही सुरुवातीला भरले आणि उरलेल्या रकमेवर ६.९ टक्के दराने ३६ महिने २८० पौंडांचा हप्ता ठरला. शेवटचा हप्ता गेला की बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जायचे, आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा आणि गाडी आपली, एवढेच मला भारतातल्या अनुभवावरून ठाऊक होते. पीसीपीत मात्र हप्ते संपले तरी गाडी वित्तसंस्थेचीच असते, कारण हप्त्यांतून आपण व्याज आणि गाडीच्या किमतीत होणारी अपेक्षित घट एवढेच फेडलेले असते. त्यानंतर ठरलेली मोठी रक्कम, जिला सगळे बलून म्हणतात, ती भरून गाडी ठेवता येते. बलून न भरता गाडी परत करता येते. किंवा बाजारात तिला बलूनपेक्षा जास्त भाव असेल तर ती विकून अथवा नव्या गाडीच्या बदल्यात देऊन मधला फरक आपल्याला घेता येतो. आमचे बलून ७,२०० पौंडांचे होते आणि वर खरेदीहक्काचे १० पौंड शुल्क. हा आकडा तीन वर्षांत ३०,००० मैल होतील असे धरून २०१९ मध्येच काढलेला होता आणि वित्तसंस्थेने त्याची हमी दिलेली होती: भाव त्याखाली गेला तर तोटा तिचा, वर गेला तर वरचा पैसा आमचा. या वाक्याचा उत्तरार्ध मला कोणी सांगितला नाही, आणि करार नीट वाचण्याचे कष्ट मीही घेतले नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये विक्रेत्याचा फोन आला. मुलीचे नाव, तिची शाळा, सगळे त्याच्या लक्षात होते. करार संपायला अवकाश असला तरी जुने ग्राहक म्हणून तो आम्हांला ‘लवकर मोकळे करून देणार’ होता. आमच्या मनात खरे तर गाडी ठेवायची होती. मार्च २०२० पासून माझे काम घरूनच चालू होते, गाडी तीन वर्षांत जेमतेम २१,००० मैल चालली होती आणि पत्नीचा हात तिच्यावर चांगला बसला होता. हे ऐकल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की तीन वर्षे जुन्या गाडीसाठी एकरकमी ७,२०० पौंड मोजायला तो स्वतःच्या भावालाही सांगणार नाही. इथल्या नंबरपाटीवरचा सालाचा आकडा १ मार्च आणि १ सप्टेंबरला बदलतो आणि नव्या पाटीचा मार्च महिना म्हणजे शोरूमवाल्यांची दिवाळी, हे मला नंतर समजले. कुणीतरी ऑर्डर रद्द केल्यामुळे सुटलेली एक इलेक्ट्रिक गाडी त्याच्याकडे होती आणि ती तो फक्त रविवारपर्यंत राखून ठेवणार होता. २ एप्रिलला पाडवा होता. दारात रांगोळी, गुढी आणि शेजारी नवी गाडी असे चित्र माझ्याही डोळ्यांसमोर तरळले, हे कबूल केले पाहिजे.

शनिवारी आम्ही गेलो तेव्हा त्याने आमच्या गाडीभोवती खडू घेऊन फेरी मारली. चारही चाकांच्या रिमवर, मागच्या बंपरवरच्या ओरखड्यावर आणि दारावरच्या एका खळीवर खुणा करून त्याने कागदावर बेरीज मांडली: ९४० पौंड. गाडी वित्तसंस्थेला परत दिली तर त्यांचा तपासनीस एवढे लावणारच, पण शोरूमला दिली तर आहे तशी घेऊ, तुमचे खाते बंद करू आणि वर नव्या गाडीच्या आगाऊ रकमेत ५०० पौंड घालू, असा प्रस्ताव होता. आम्ही मनातल्या मनात १,४४० पौंडांचा फायदा मोजला. मार्चच्या मध्यावर गाडी देताना ज्या कागदावर सही केली त्यावर तीनच ओळी होत्या: पार्ट एक्स्चेंज (जुन्या गाडीचा धरलेला भाव) ७,९४०, सेटलमेंट (खाते बंद करायला वित्तसंस्थेला द्यायची रक्कम) ७,४४०, शिल्लक ५००. म्हणजे लपवलेले काहीच नव्हते. ७,९४० हा आकडा आला कुठून, एवढेच मी विचारले नाही.

त्याचे एकही वाक्य धडधडीत खोटे नव्हते. प्रत्येकात अर्धे सत्य होते, आणि पुढे आठवून पाहिले तेव्हा त्यांपैकी तीन वाक्ये मला फार महागात पडल्याचे दिसले.

गाडीवर कर्ज असल्यामुळे ती दुसरीकडे विकता येणार नाही, हे पहिले. लॉगबुकवर, म्हणजे इथल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर, माझे नाव असले तरी ते मालक म्हणून नसते, त्यामुळे कर्ज न फेडता ती परस्पर एखाद्या माणसाला विकणे चूकच आहे. पण जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कंपन्या आणि दुसरे कोणतेही शोरूम वित्तसंस्थेकडून सेटलमेंटचा आकडा घेतात, तो तिला थेट भरतात आणि उरलेले पैसे आपल्या खात्यात जमा करतात. हे काम रोज होते. गाडी ठेवायची तर ७,२०० पौंड रोख हवेत, हे दुसरे. बलूनसाठी नवे कर्ज काढता येते, कधी त्याच वित्तसंस्थेकडून तर कधी बँकेच्या वैयक्तिक कर्जातून. आमचे उत्पन्न आणि पत पाहता ते मिळायला अडचण नव्हती.

तिसरे वाक्य लवकर मोकळे करण्याच्या उपकाराचे. इथल्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यानुसार अशा करारातली एकूण देय रक्कम निम्मी भरून झाली की गाडी परत करून करार संपवण्याचा हक्क ग्राहकालाच असतो. आमची एकूण देय रक्कम आगाऊ भरणा, हप्ते, बलून आणि शुल्क धरून १९,२९० पौंड होती. तिची निम्मी ९,६४५. अठ्ठाविसाव्या हप्त्यालाच आम्ही तो टप्पा ओलांडला होता. फोन आला तेव्हा चौतिसावा हप्ता चालू होता. जो हक्क सहा महिने माझ्या खिशात पडून होता, तोच मला भेट म्हणून देण्यात आला, आणि मी त्याबद्दल पेढे वाटले!

पाडव्याच्या कार्यक्रमात नवी गाडी पाहून एका परिचितांनी सहज विचारले, “जुन्या गाडीत किती इक्विटी निघाली?” म्हणजे देणे फेडून हातात किती उरले? मी ५०० म्हणालो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्यावरूनच मला शंका आली. घरी येऊन इंटरनेटवर शोधले तर आमचीच गाडी, तोच नंबर, १२,४९५ पौंडांना विक्रीला लावलेली. चाकांचे फोटो मोठे करून पाहिले. रिम जशीच्या तशी होती आणि बंपरवरचा ओरखडाही नवव्या फोटोत स्पष्ट दिसत होता. ज्या दुरुस्तीची भीती घातली होती ती करायची शोरूमला गरजच वाटली नव्हती.

न्यायाने बोलायचे तर ७,९४० आणि १२,४९५ यांतल्या ४,५५५ पौंडांच्या फरकावर सगळा हक्क आमचा नव्हता. सफाई, वॉरंटी, कर, जागेचे भाडे आणि त्यांचा नफा त्यात येतो. म्हणून मी तशाच गाडीचा, तेवढ्याच मैलांचा भाव गाड्या विकत घेणाऱ्या तीन संकेतस्थळांवर पाहिला. आकडे १०,५०० ते १०,९०० च्या दरम्यान आले. मधला १०,७०० धरला तर आमचे २,७६० पौंड गेले. भाव एवढा चढण्याचे कारणही काही गुपित नव्हते: चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्यांचे उत्पादन घटले होते, लोक महिनोन्‌महिने थांबत होते आणि इथे जुन्या गाड्या वर्षभरात तीस टक्क्यांच्या आसपास महागल्या होत्या. बातम्यांत मी ते ऐकलेही होते. ते माझ्या दारातल्या गाडीलाही लागू आहे, हे मात्र डोक्यात आले नाही.

मी लेखी तक्रार केली. अशा तक्रारीला उत्तर द्यायला कंपनीला आठ आठवडे मिळतात, आणि त्यांचे उत्तर ते आठवडे संपता संपता आले: मूल्य दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरले होते, ग्राहकाला इतरत्र चौकशी करण्याचे स्वातंत्र्य होते. खडूच्या खुणांचा तो हिशेब त्यांच्या फाइलमध्ये ‘आढळला नाही’. तो मी फोनवर टिपून ठेवला असता किंवा ‘आपण सांगितलेली कारणे आणि रक्कम कृपया ईमेलने कळवा’ एवढे एक वाक्य लिहिले असते, तर माझ्या हातात काहीतरी राहिले असते. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे आर्थिक सेवांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, दाद मागता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही, हे त्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात छापलेले होते. मधल्या काळात आईच्या आजारपणासाठी मला साताऱ्याला जावे लागले, परत आल्यावर कामाचा ढीग होता, आणि पत्र पुन्हा हातात घेतले तेव्हा मुदत उलटून तीन आठवडे झाले होते. हा दोष मी कुणावर ढकलू शकत नाही.

त्या इलेक्ट्रिक गाडीचा करार मार्च २०२५ मध्ये संपणार होता. जानेवारीत फोन आलाच. आवाज दुसरा, मजकूर तोच. या वेळी मी तो घेण्याआधीच वित्तसंस्थेकडून सेटलमेंटचा आकडा लेखी मागवला होता आणि एकाच संध्याकाळी तीन ठिकाणचे भाव काढून ठेवले होते. बलून १४,६०० पौंड होते आणि भाव १०,९०० ते ११,४०० च्या पलीकडे जात नव्हता, कारण २०२३ पासून जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे दर चांगलेच कोसळले होते. विक्रेत्याने गाडी घेऊन ‘उरलेले तीन-साडेतीन हजार नव्या करारात जिरवून’ देण्याची तयारी दाखवली. म्हणजे हमीमुळे जो तोटा वित्तसंस्थेच्या अंगावर पडायचा, तो मी आपण होऊन व्याजासह स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा होता. गाडी आम्हांला आवडत होती, पण दहा-अकरा हजारांच्या वस्तूचे साडेचौदा हजार देण्याइतकी नव्हे. मी त्याचे आभार मानले, शोरूमला न जाता वित्तसंस्थेला गाडी परत करत असल्याचे लेखी कळवले आणि नेण्याची तारीख घेतली.

नेण्याच्या आधी मी गाडी धुऊन तिचे सर्व बाजूंनी, चारही चाकांचे आणि मैलांच्या आकड्याचे फोटो काढले. आमची वित्तसंस्था तपासणीसाठी बीव्हीआरएलए या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेची झीज-मोडतोडीची मार्गदर्शिका वापरते. तीत रिमच्या कडेवरचे एकूण ५० मिलिमीटरपर्यंतचे खरचटणे वापरातली झीज म्हणून माफ असते. २०२२ मध्ये खडूने रंगवलेल्या चार चाकांचे जुने फोटो मी त्या मापाने पाहिले होते आणि त्यांतली तीन चाके त्यात बसत होती. तपासनीस सकाळी नऊला आला, पट्टी घेऊन अर्धा तास फिरला, प्रत्येक नोंद टॅबलेटवर मला दाखवून त्याने माझी सही घेतली आणि गाडी घेऊन गेला. दहा दिवसांनी बिल आले, डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचे, ६५ पौंड.